मोठ्या आतड्यातील पिशव्या आणि त्यांचा दाह

आपल्या न्यासाच्या वार्षिक अहवालात ताळेबंद आणि जमाखर्चाच्या पत्रकांच्या आधी एखाद्या आजाराची माहिती देणारा लेख असावा, असा प्रघात आहे. एरवी हे काम आपले डॉक्टर करतात. यंदा ते मजकडे आले, त्याला कारण प्रवेश-कक्षात एका रात्री घडलेला संवाद. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून अनेक वर्षे रुग्णालयाच्या प्रशासनात आहे. त्यामुळे लेखातील वैद्यकीय मजकूर आपल्या शल्यचिकित्सकांच्या नजरेखालून घालून घेतला आहे. तरीही राहिलेल्या त्रुटींची जबाबदारी माझी.

तो संवाद असा. शाहूवाडीकडील, साठी उलटलेल्या एका शेतकरी बाईंना त्यांच्या मुलाने रात्री अकराच्या सुमारास आणले. पोट फळीसारखे कडक, अंगात ताप, नाडी जलद. सी. टी. स्कॅन झाल्यावर शल्यचिकित्सकांनी मुलाला सांगितले, "तुमच्या आईच्या आतड्याला पिशव्या झाल्या आहेत आणि त्यांतली एक फुटली आहे. आत्ताच ऑपरेशन करावे लागेल. काही महिने पोटावर पिशवी लावावी लागेल." संमतिपत्रावर सही करण्यासाठी तो मजसमोर बसला तेव्हा पुरता गोंधळलेला होता. म्हणाला, "साहेब, आईची पिशवी तर कवाच काढलीया. मिरजंला न्हेऊन काढली. आता आनि कसली पिशवी फुटली म्हंत्यात?"

दोष त्याचा नव्हता. आपल्याकडे 'पिशवीचे ऑपरेशन' म्हटले की गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हाच अर्थ घेतला जातो. पित्ताशयालाही आपण पित्ताची पिशवी म्हणतो. त्यात आता आतड्याच्या पिशव्या आल्या, आणि वर पोटाला बाहेरून चिकटवायची पिशवी. चार निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द, आणि निर्णय घ्यायला वेळ अर्ध्या तासाचा. त्या मुलाने सही केली. परंतु ती समजून केली, असे मला आजही म्हणवत नाही. ज्या कुटुंबावर अशी वेळ आली नाही त्यांनी हे निवांतपणे आधीच वाचून ठेवावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

पिशवी होते म्हणजे काय?

आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. उजव्या कुशीत सुरू होऊन ते यकृतापर्यंत वर चढते, पोटावर आडवे जाते, डाव्या बाजूने खाली उतरते आणि इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळण घेऊन गुदाशयाला मिळते. या आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. आतल्या अस्तराला रक्त पोहोचविण्यासाठी बारीक रक्तवाहिन्या ज्या ठिकाणी हे थर भेदून आत शिरतात, तेवढी जागा नैसर्गिकपणेच कमकुवत असते. सायकलच्या जुन्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब त्या चिरेतून फुगवटा काढते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आतड्यातील दाब वाढला की नेमके तसेच घडते. आतील अस्तर त्या कमकुवत जागेतून बाहेर डोकावते आणि वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहानमोठी पिशवी तयार होते. एकदा झालेली पिशवी आपोआप नाहीशी होत नाही. अशा पिशव्या असण्याला डॉक्टर डायव्हर्टिक्युलोसिस म्हणतात.

'एस' आकाराचा भाग सर्वांत अरुंद असल्याने तेथे दाब अधिक आणि म्हणून पिशव्याही बहुधा तेथेच, म्हणजे पोटाच्या खालच्या डाव्या बाजूस. जपान, कोरिया या देशांत मात्र त्या उजव्या बाजूस अधिक आढळतात. आपल्याकडे दोन्ही प्रकारचे रुग्ण येतात. उजव्या बाजूचा दाह अपेंडिक्सच्या दुखण्याशी इतका मिळताजुळता असतो की, सी. टी. स्कॅनची सोय नव्हती तेव्हा पोट उघडल्यावरच खरा प्रकार कळत असे.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. पिशव्या असणे हा आजार नव्हे. वय वाढले की त्या वाढतात. पाश्चात्त्य देशांत साठीपुढील निम्म्याहून अधिक लोकांत त्या असतात आणि बहुसंख्यांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. आमच्या हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर हा यंत्राचा घसारा आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीच्या अहवालात हा शब्द आला म्हणून घाबरून जाणारे नातेवाईक आम्हांला नेहमी भेटतात. त्यांनी तो अहवाल फाईलमध्ये जपून ठेवावा, डॉक्टरांना एकदा दाखवावा आणि आपल्या कामाला लागावे.

या पिशव्यांपैकी एखादीला सूज येऊन जंतुसंसर्ग झाला, की त्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. पिशव्या असलेल्या शंभरांपैकी पाचांपेक्षाही कमी लोकांना पुढे असा दाह होतो, असा अलीकडच्या अभ्यासांचा निष्कर्ष आहे. पण ज्यांना होतो त्यांच्यासाठी पहिले दोन-तीन दिवस फार मोलाचे असतात.

आठ दिवस कोठे गेले?

त्या बाईंचे दुखणे आठ दिवसांचे होते. डाव्या ओटीपोटात सतत दुखत होते, अंग कणकणत होते, शौचास साफ होत नव्हते. पहिल्या दिवशी गॅस समजून ओवा आणि हिंग झाले. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याची पिशवी. तिसऱ्या दिवशी पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल. मग दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. त्या गोळ्यांनी दोन दिवस बरे वाटले, भांगलणीलाही त्या गेल्या. सातव्या दिवशी कळ असह्य झाली. आणि गंमत अशी की, आठव्या दिवशी दुपारी ती एकाएकी कमी झाली. घरच्यांना वाटले, उतार पडला. वस्तुतः त्याच वेळी पिशवी फुटली असावी, असे शल्यचिकित्सकांचे मत पडले. संध्याकाळपर्यंत विष्ठा आणि पू पोटाच्या पोकळीत पसरला होता.

यांतील एकेक उपाय आपल्या प्रत्येकाच्या घरी होत असतो. माझ्याही घरी होतो. म्हणून कोणता उपाय कोठे घातक ठरतो, ते पाहू. दाह झालेल्या आतड्याला जुलाबाचे औषध किंवा एनिमा देणे म्हणजे आधीच ताणलेल्या जागी आणखी दाब देणे होय. वेदनाशामक गोळ्यांपैकी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातील गोळ्या, तसेच स्टेरॉइड, यांच्या सेवनाने पिशवी फुटण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. गुडघेदुखीसाठी याच गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या ज्येष्ठांची संख्या आपल्या भागात थोडी नाही. पोटात दुखत असता ताप असेल तर पॅरासिटामॉल चालते. मात्र दुखणे चोवीस तासांपुढे गेल्यास तेवढ्यावर थांबू नये.

ओळखण्याच्या खुणा अशा : खालच्या पोटात, बहुधा डाव्या बाजूस, एकाच जागी टिकून राहणारे दुखणे, त्यासोबत ताप, मळमळ आणि शौचाच्या सवयीत बदल. गॅसची कळ येते आणि जाते, जागा बदलते. हे दुखणे ठाण मांडून बसते. खोकताना किंवा एस. टी. खड्ड्यातून जाताना त्या जागी कळ उठत असेल, तर आतील आवरणापर्यंत दाह गेल्याची ती सूचना असू शकते. पोट ताठरणे, उलट्या थांबत नसणे, वारा न सरणे, शुद्ध हरपू लागणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि स्टेरॉइड घेणारे यांच्यात ताप व कळ दोन्ही सौम्य राहून आत मोठा बिघाड झालेला असू शकतो.

कळ नसताना शौचावाटे अचानक पुष्कळ लाल रक्त जाणे हाही या पिशव्यांचाच एक प्रकार असू शकतो. आपल्याकडे रक्त दिसले की मूळव्याध ठरलेली, आणि मूळव्याधीची औषधे भिंतींवरील जाहिरातींत. चाळिशीपुढील प्रत्येक रक्तस्रावाची एकदा दुर्बिणीतून तपासणी झालीच पाहिजे, कारण त्यामागे कर्करोगही असू शकतो.

उपचार

निदानासाठी रक्ततपासणी आणि सी. टी. स्कॅन लागतो. सोनोग्राफीने काही वेळा भागते. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, दाह चालू असताना सहसा करीत नाहीत. ती सहा ते आठ आठवड्यांनी करतात. रुग्ण बरा झाला की ही तारीख बहुतेक जण विसरतात. ती विसरू नये, कारण कर्करोगाची गाठ स्कॅनमध्ये दाहासारखी दिसू शकते.

दाह साधा असेल, म्हणजे गळू नाही, छिद्र नाही, तर उपचार आश्चर्य वाटावे इतका सौम्य आहे. दोन-तीन दिवस पातळ आहार, विश्रांती, साध्या वेदनाशामक गोळ्या. प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, पूर्वी प्रत्येकालाच दिली जात. स्वीडन व आइसलँडमधील ६२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांना ती दिली आणि निम्म्यांना दिली नाहीत. बरे होण्यात फरक आढळला नाही. नेदरलँड्समधील अभ्यासाने २०१७ साली तोच निष्कर्ष काढला. म्हणून प्रकृती एरवी उत्तम असलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले नाही, तर नातेवाइकांनी 'सलाईन तरी लावा' असा आग्रह धरू नये. अर्थात हा निर्णय डॉक्टरांचा. अशक्त, वृद्ध, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना प्रतिजैविके लागतातच.

गळू झाले असेल आणि ते तीन-चार सेंटिमीटरपेक्षा मोठे असेल, तर स्कॅनच्या साहाय्याने बाहेरून सुई व नळी घालून पू काढता येतो. अनेकांची मोठी शस्त्रक्रिया त्यामुळे टळते. पिशवी फुटून पोटभर विष्ठा पसरली असेल, तर मात्र शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही. आतड्याचा रोगट भाग काढून टाकतात. दूषित पोटात दोन टोके लगेच जोडली तर टाका सुटण्याची भीती असते. म्हणून बहुधा खालचे टोक बंद करून आत ठेवतात आणि वरचे टोक पोटाच्या कातडीतून बाहेर आणून तेथे पिशवी चिकटवितात. आंरी हार्टमन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९२१ साली ही पद्धत कर्करोगासाठी वर्णिली होती. आज ती या आजारातही त्याच्याच नावाने ओळखली जाते. शरीर सावरल्यावर, साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी, दुसरी शस्त्रक्रिया करून टोके जोडता येतात. योग्य रुग्णात पहिल्याच वेळी जोडणीही करतात.

वारंवार दाह होऊन आतडे अरुंद झाले तर सवडीने शस्त्रक्रिया करता येते. ख्रिस्ती धर्मगुरू पोप फ्रान्सिस यांच्यावर ४ जुलै २०२१ रोजी रोम येथील जेमेली रुग्णालयात याच कारणासाठी शस्त्रक्रिया झाली. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते आणि दहा दिवसांनी घरी परतले. वयाचे कारण सांगून शस्त्रक्रियेस नकार देणाऱ्या कुटुंबांना आमचे डॉक्टर हे उदाहरण देतात. दोन वेळा दाह झाला की शस्त्रक्रिया, हा जुना नियम आता राहिलेला नाही. बहुतेकांना दाह पुन्हा होत नाही. दहा वर्षांत साधारणतः पाचांतील एकास होतो, आणि फुटण्याचा सर्वाधिक धोका पहिल्याच वेळी असतो.

तांबडा रस्सा, पेरू आणि जोंधळा

कोल्हापुरात पोटाचा कोणताही आजार निघाला की आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम तिखट उभे राहते. या आजारात तिखट दोषी असल्याचा पुरावा नाही. पेरूच्या, टोमॅटोच्या बिया पिशवीत अडकतात, म्हणून त्या वर्ज्य, असे डॉक्टरही वर्षानुवर्षे सांगत आले. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांची १८ वर्षे नोंद ठेवून केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दाणे, मका आणि लाह्या खाणाऱ्यांना हा दाह अधिक होतो असे आढळले नाही. उलट दाणे व लाह्या नियमित खाणाऱ्यांत तो कमीच दिसला. तेव्हा शेंगदाणे आणि पेरू यांना निर्दोष सोडावयास हरकत नाही. मटणाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. तांबड्या मांसाचे प्रमाण अधिक असणाऱ्यांत हा दाह अधिक आढळतो. रस्सा ओरपणाऱ्यांनी फोडींची संख्या मोजावी, इतकेच सुचवितो. धूम्रपान, लठ्ठपणा आणि बैठे काम ही कारणेही सिद्ध आहेत.

तंतुमय आहाराची कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने युगांडात अनेक वर्षे काम केले. कोंड्यासह धान्य, कंदमुळे खाणाऱ्या तेथील लोकांत हा आजार जवळपास दिसतच नाही, आणि इंग्लंडात तो घरोघर, हे त्यांच्या ध्यानात आले. नील पेंटर यांच्यासह १९७१ साली त्यांनी मांडले की, आहारातील तंतूंच्या अभावामुळे मळ घट्ट होतो, तो पुढे ढकलण्यासाठी आतड्याला जोर करावा लागतो आणि त्यातून पिशव्या होतात. हा विचार जगभर मान्य झाला. पुढे, २०१२ साली अमेरिकेत दोन हजारांवर लोकांच्या कोलोनोस्कोपीचा अभ्यास झाला, तेव्हा तंतुमय पदार्थ अधिक खाणाऱ्यांत पिशव्या कमी नव्हत्या. म्हणजे बर्किट यांचे अनुमान पूर्णतः टिकले नाही. परंतु पिशव्या होणे वेगळे आणि त्यांमुळे रुग्णालयात यावे लागणे वेगळे. इंग्लंडमधील ४७ हजार लोकांच्या २०११ सालच्या अभ्यासात शाकाहारी व्यक्तींना या आजारासाठी रुग्णालयात येण्याची वेळ सुमारे एक-तृतीयांशाने कमी आली, आणि तंतू अधिक खाणाऱ्यांतही धोका कमी दिसला. आम्हां प्रशासकांना दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

तंतू म्हणून बाजारातील डबे विकत घेण्याची आवश्यकता नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम जोंधळ्यात सुमारे १० ग्रॅम, नाचणीत ११ ग्रॅम, तर सडलेल्या तांदळात व मैद्यात तीन ग्रॅमपेक्षाही कमी तंतू असतात. शाळूची भाकरी, चंदगड-आजऱ्याकडील नाचणी, उसळी, घेवडा, पालेभाज्या हे सारे आपल्या ताटात होतेच. पाव आणि बिस्किटे त्यांची जागा घेत आहेत. मात्र ऐन दाहाच्या वेळी हा आहार नको. तेव्हा भाताची पेज, कढणाचे पाणी, नारळपाणी, ताक. मग मऊ भात. आणि कळ गेल्यावर हळूहळू भाकरीकडे. एकदम वाढविल्यास पोट फुगते आणि रुग्ण भाकरीलाच दोष देतो. पाणी भरपूर प्यावे.

दुसरी शस्त्रक्रिया

आता देणगीदारांसाठी थोडे. गतवर्षी एका निवृत्त शिक्षकांना याच दुखण्याने दुसऱ्या दिवशी आणले होते. स्कॅन, तीन दिवस पातळ आहार, घरी. त्यांचे देयक एका पानाचे होते. शाहूवाडीच्या बाईंचे देयक अतिदक्षता विभागासह अकरा पानांचे झाले, आणि ते अर्धेच होते, कारण दुसरी शस्त्रक्रिया व्हावयाची होती. मधल्या काळात पिशव्या आणि त्वचेवर बसवायच्या चकत्या सतत विकत घ्याव्या लागतात. खर्च, वय आणि भीती यांमुळे या रुग्णांपैकी बरेच जण दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी परततच नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे. आपल्याकडे त्यात संकोचाची भर पडते. पिशवी लावलेली बाई हळदीकुंकवाला जात नाही, देवळात जात नाही, एस. टी.त बसत नाही. नीट चिकटविलेल्या पिशवीचा वास येत नाही आणि साडीखाली ती दिसतही नाही, हे आमच्या परिचारिकांना पुनःपुन्हा सांगावे लागते.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ सालापासून लागू आहे. तीनुसार एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता रुग्णास दाखल करून घेणे बंधनकारक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका नंतर दिली तरी चालते. त्या रात्री तो मुलगा पैशांची जुळवाजुळव करीत दोन तास गावातच थांबला होता, हे आम्हांला पुढे कळले. त्याला हा नियम माहीत नव्हता.

पहिल्या शस्त्रक्रियेचा भार निधीने उचलला. पिशव्या मात्र या निधीतून दीर्घकाळ पुरविणे कठीण जाते. त्यासाठी स्वतंत्र देणगी घेतली जाते आणि तिचा हिशेब या अहवालाच्या परिशिष्टात वेगळा दाखविला आहे.

बाई पाच महिन्यांनी आल्या. आधी कोलोनोस्कोपी झाली, कर्करोग नव्हता. या वेळी संमतिपत्र पुढे ठेवल्यावर मुलाने सही करण्यापूर्वी विचारले, "साहेब, आता कंची पिशवी काढणार, ते एकदा कागदावर काढून दावा." आमच्या शल्यचिकित्सकांनी त्याच कागदाच्या पाठीमागे आतडे काढून दाखविले. ते चित्र त्यांच्या केसपेपरला टाचलेले आहे, आणि आता प्रवेश-कक्षात अशा चित्राच्या छापील प्रती ठेवल्या आहेत.